कपाटावरून खाली: घरच्या स्पीकरची उंची आणि जागा कशी ठरवावी

आमच्या आधीच्या घरात स्पीकर साडेसहा फुटी लोखंडी कपाटावर होते. तिथे जागा होती, पोरांचा हात पोचत नव्हता आणि वायर माळ्याच्या कडेने लपवता येत होती. चार वर्षं मी तसंच ऐकलं आणि समजूत करून घेतली की या स्पीकरमध्ये गाणाऱ्याचा गळा मागेच बसतो, कंपनीचीच खोड आहे. घर बदलताना सामान उतरवलं, तेव्हा स्पीकर दोन दिवस जेवणाच्या खुर्च्यांवर पडून होते. सहज वायर जोडून पाहिली आणि तोच गळा पुढे येऊन बसला. तबल्याची चाट वेगळी, डग्गा वेगळा, मागचा तानपुरा वेगळा. अँप्लिफायर तोच, वायर तीच, गाणंही तेच. स्पीकर फक्त पाच फूट खाली आले होते.

त्यानंतर मित्रांच्या, नातेवाइकांच्या बऱ्याच हॉलमध्ये टेप घेऊन रांगून झालं आहे. जवळपास सगळीकडे चूक एकच दिसली. आधी शेल्फ बनतं, त्यावर स्पीकर चढतात आणि माणूस उरलेल्या जागेत बसतो. हे उलटं करायचं. आधी कान कुठे असणार ते ठरवायचं आणि तिथून मोजत मोजत स्पीकरकडे जायचं.

उदाहरणासाठी एक हॉल धरू. १० फूट रुंद, १५ फूट लांब, छत साडेनऊ फुटांवर. एका लांब भिंतीला टीव्ही, समोरच्या लांब भिंतीला सोफा. एका टोकाला बाल्कनीचं सरकतं दार, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराकडे जाणारा पॅसेज. पुण्या-ठाण्याच्या टू-बीएचकेत राहणाऱ्याला हा हॉल ओळखीचा वाटेल. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घाला. हिशेब तोच राहतो.

सामान फार लागत नाही. मोजायची टेप, दहा-बारा फूट सुतळी, मास्किंग टेपची गुंडाळी, हातात धरायचा आरसा आणि तासभर वाद न घालता स्पीकर सरकवणारा एक माणूस. शेवटची वस्तू सर्वांत दुर्मीळ.

त्याआधी वायर

जागा बदलण्याआधी लाल-काळं तपासा, म्हणजे अँप आणि स्पीकर दोन्हीकडे लाल टोक लालला आणि काळं काळ्याला लागलं आहे ना. एका स्पीकरची वायर उलटी लागली असेल, तर एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. बेस एकमेकांना खाऊन टाकतो आणि गाण्याला मध्य राहत नाही. अशा जोडीला कुठेही ठेवा, बरं वाजणार नाही.

पारख सोपी आहे. दोन्ही स्पीकर एकमेकांसमोर तोंड करून वीतभर अंतरावर ठेवा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज, चालू करा आणि बेस असलेलं काहीतरी लावा. मग एका स्पीकरच्या दोन वायर आपसात बदलून पाहा. ज्या जोडणीत बेस भरदार लागतो ती बरोबर. बदलताना अँप बंद ठेवा. वायर भिंतीतून गेली असेल आणि कुठली कुठे जाते हे कळत नसेल, तर दुरुस्तीवाल्यांची जुनी युक्ती वापरा. अँपकडचं टोक सोडवून त्याला पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. वूफरचा, म्हणजे खालच्या मोठ्या, बेस वाजवणाऱ्या भोंग्याचा, पडदा बाहेर आला, तर सेलच्या प्लसला लागलेली तार स्पीकरच्या लाल टर्मिनलकडे जाते. ही युक्ती साध्या स्पीकरवरच करायची. ज्याच्या पोटातच अँप आहे त्याच्यावर नाही.

कान जमिनीपासून किती उंच

नेहमी बसता तसे बसा. परीक्षेला बसल्यासारखं ताठ नको, संध्याकाळी चहा घेऊन बसता तसं. मदतनिसाला जमिनीपासून कानाच्या भोकापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. सोफ्यावर हा आकडा बहुतेकांचा ३६ ते ४० इंच येतो. खोल, मऊ सोफ्यात माणूस रुततो, तिथे तो ३५ पर्यंतही उतरतो. माझा सोफ्यावर ३८ येतो.

स्टँडची तयार उंची असते ती या खुर्ची-सोफ्याच्या आकड्यावर बेतलेली. आपल्याकडे गाणं ऐकायला गादी टाकून, लोडाला टेकून बसणारे अजून पुष्कळ आहेत. मांडी घातली की माझा कान जमिनीपासून २८ इंचांवर येतो, तीन इंचांची गादी धरली तर ३१. म्हणजे बैठकीवर ऐकणाऱ्याने बाजारचा २८ इंची स्टँड घेतला, तर ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजांचा लहान भोंगा, त्याच्या डोक्यावरून जाणार. अशा घरात १८ ते २२ इंचांचा बुटका स्टँड हवा. तो तयार सहसा मिळत नाही, बहुधा करून घ्यावा लागतो. त्याबद्दल पुढे.

आता स्पीकर टेबलावर ठेवून त्याच्या तळापासून ट्वीटरच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ट्वीटर म्हणजे वरचा लहान, रेशमी किंवा धातूच्या घुमटीचा. फूट-सव्वा फूट उंचीच्या बुकशेल्फ स्पीकरमध्ये हे अंतर ९ ते १० इंच असतं. कानाच्या उंचीतून ते वजा केलं की स्टँडची उंची हाती येते. माझ्यासाठी ३८ उणे १०, म्हणजे २८ इंच. गादीवर बसायचं असेल तर ३१ उणे १०, म्हणजे २१.

काही कंपन्या कान ट्वीटरच्या थोडा खाली, वूफर आणि ट्वीटरच्या मधल्या रेषेवर हवा असं सांगतात. सोबतच्या पुस्तिकेत तसं लिहिलं असेल तर ते माना. काहीच लिहिलं नसेल तर ट्वीटर कानासमोर ठेवून सुरुवात करा. जमिनीवर उभ्या राहणाऱ्या टॉवर स्पीकरमध्ये कंपनीने हा हिशेब आधीच केलेला असतो. तरी एकदा टेप लावा, कारण तोही खुर्चीवरच्या माणसासाठी केलेला असतो.

चार इंच चुकले तर काय, चार फूट चुकले तर काय

इथे थोडं गणित आहे. कपाटावरच्या माझ्या चार वर्षांचं उत्तर त्यातच आहे.

दोन ड्रायव्हरच्या, म्हणजे एक वूफर आणि एक ट्वीटर असलेल्या, स्पीकरमध्ये साधारण २००० ते ३००० हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) आसपास कुठेतरी वूफर काम सोडतो आणि ट्वीटर ते उचलतो. या बदलीच्या जागी दोघेही एकच सूर वाजवत असतात. दोघांपासून कान सारख्याच अंतरावर असेल तर दोन्ही लाटा हातात हात घालून येतात. कान खूप वर किंवा खूप खाली असेल तर एकीला जास्त वाट चालावी लागते. ती वाट अर्ध्या लाटेएवढी जास्त झाली की दोघी एकमेकींना पुसून टाकतात आणि आवाजात तिथे खड्डा पडतो.

आकडे घालून पाहू. बदलीची जागा २५०० हर्ट्झ धरली, तर लाटेची लांबी सुमारे १३.७ सेंटिमीटर आणि अर्धी लाट ६.९. वूफर आणि ट्वीटरचे मध्य एकमेकांपासून १७ सेंटिमीटरवर असतील, तर सुमारे २४ अंश तिरकं गेल्यावर तो फरक बरोबर ६.९ सेंटिमीटर होतो. आता माझं कपाट. स्पीकरचा मध्य जमिनीपासून साधारण ८५ इंचांवर, कान ३८ वर, बसायचं अंतर आठ फूट. हा कोन २६ अंश निघतो. म्हणजे मी चार वर्षं जवळजवळ त्या खड्ड्यातच बसलो होतो. आणि २००० ते ५००० हर्ट्झ हा तर कान सर्वांत तिखट असणारा पट्टा. च, स, त यांची धार, तबल्याची चाट, सतारीवरचा मिजराबचा टोला इथेच ऐकू येतो. गळा मागे बसत होता तो यामुळे. कंपनीची मी मनोमन माफी मागितली.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने दिलासा देणारा आहे. आठ फुटांवरून उंचीत सहा इंचांचा फरक म्हणजे जेमतेम साडेतीन अंश. बहुतेक स्पीकरना तेवढ्याने काही होत नाही. म्हणजे सोफा आणि गादी दोन्ही वापरणाऱ्या घरात २५ इंचांचा मधला स्टँड बिनधास्त चालतो. पण कॉम्प्युटरच्या टेबलावर, दोन फुटांवरून, तेच सहा इंच १४ अंश होतात. म्हणून टेबलावरचे छोटे स्पीकर नुसते ठेवून भागत नाही. त्यांचं तोंड वर करावंच लागतं. जितकं जवळ बसाल तितकी उंची काटेकोर.

खात्री कानानेच करून घ्या. मोबाइलवर पिंक नॉइज लावा, तो धबधब्यासारखा एकसारखा सों-सों आवाज. बसल्या जागेवरून हळूहळू उभे राहा, मग पुन्हा खाली बसा. कुठेतरी तो सों-सों पोकळ होतो, नळीतून आल्यासारखा. जिथे तो सर्वांत भरलेला आणि गुळगुळीत लागतो ती त्या स्पीकरची खरी उंची. बसल्यावर कान तिथे पडतो ना, एवढंच पाहायचं.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. शेल्फात मावत नाही म्हणून उभा स्पीकर आडवा झोपवू नका. आडवा केला की तोच खड्डा वर-खाली न राहता डावी-उजवीकडे येतो आणि सोफ्यावरच्या प्रत्येकाला वेगळंच गाणं ऐकू येतं.

स्टँड, पाचर आणि कपाटावरच ठेवायचं असेल तर

स्टँड करून घ्यायला मी एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. कागदावर चित्र काढलं. वर ८ बाय १० इंचांची पत्र्याची प्लेट, खाली १२ बाय १२ ची, मध्ये तीन इंची चौकोनी पाइप. त्याने चित्र उलटसुलट करून पाहिलं.

“दादा, टीपॉय आहे का हा?”

“स्पीकरचा स्टँड. २८ इंच.”

“मग वरची प्लेट एवढी जाड कशाला? पाइप पोकळ ठेवलात तर तो वाजणार. वाळू भरा.”

मी सांगायच्या आधी त्यानेच सांगितलं. पोकळ पाइपवर टिचकी मारली की तो घंटेसारखा वाजतो, आणि स्पीकर सुरू असताना तेच होत असतं. कोरडी, चाळलेली वाळू पाऊण पाइप भरली की टिचकीचा आवाज मठ्ठ होतो आणि बुडाला वजनही येतं. वाळू भरायला प्लेटमध्ये एक भोक ठेवायला सांगा. नाहीतर वेल्डिंग झाल्यावर डोक्याला हात लावायची वेळ येते.

गुळगुळीत टाइलवर खाली रबराचे पाय लावा. अणकुचीदार खिळे गालिच्यासाठी असतात, टाइलवर ते चरे पाडतात आणि घरात भांडण लावतात. स्पीकर आणि प्लेट यांच्यामध्ये चारही कोपऱ्यांत चिकट पुट्टीच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या दाबा. मांजर, मूल, झाडू यांपैकी कुणाचा धक्का लागला तरी स्पीकर घसरत नाही.

स्टँडला जागा नसेल आणि बुटक्या टीव्ही युनिटवरच ठेवायचं असेल, तर पाचर मारा. पाचर किती उंच हवी त्याचा हिशेब असा: ट्वीटर आणि कान यांच्या उंचीतला फरक गुणिले स्पीकरची खोली, भागिले बसायचं अंतर, सगळं इंचांत. युनिट १८ इंच, म्हणजे ट्वीटर २८ वर. कान ३८ वर. फरक १०. स्पीकर १० इंच खोल, अंतर ९६ इंच. १० गुणिले १० भागिले ९६, म्हणजे जेमतेम एक इंच. पुढच्या कडेखाली एक इंचाची लाकडी पट्टी सरकवली की ट्वीटर थेट कानाकडे बघायला लागतो. सुतार असली पट्टी फुकट देतो.

कपाटावरून मात्र हाच हिशेब साडेचार-पाच इंचांची पाचर मागतो, तीही मागच्या बाजूला. तेवढा झुकलेला सात किलोचा डबा डोक्यावर ठेवून शांतपणे ऐकता येईल असं मला वाटत नाही. वरच ठेवणं भाग असेल तर भिंतीला तिरका होणारा ब्रॅकेट लावा, तोही विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत फास्टनर ठोकून. जिप्समच्या पार्टिशनवर लटकवू नका. ब्रॅकेटवर स्पीकर उलटा बसवला, ट्वीटर खाली, तर तो कानाच्या आणखी जवळ येतो. दिसायला विचित्र दिसतं, वाजायला बरं वाजतं.

शोकेसच्या कप्प्यात असेल तर स्पीकर पुढे ओढा, इतका की त्याचं तोंड कप्प्याच्या कडेच्या बरोबरीला येईल. आत ढकललेला स्पीकर घागरीत बोलल्यासारखा बोलतो. बाजूच्या पोकळीत जुन्या चादरींच्या घड्या कोंबा.

डावा, उजवा आणि तुम्ही

ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन स्पीकर मिळून मधल्या रिकाम्या जागेत गाणारा उभा करतात, ही त्यातली गंमत. पण तो गाणारा फार नाजूक असतो. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा फूटभर जवळ असेल तर त्याचा आवाज सुमारे ०.९ मिलिसेकंद आधी पोचतो आणि तेवढ्यावर कान फसतो. गाणारा उठतो आणि जवळच्या स्पीकरच्या मांडीवर जाऊन बसतो. आवाजाचा बॅलन्स फिरवून थोडं सावरता येतं, पुरतं नाही.

म्हणून सुतळी. सोफ्याच्या पाठीवर, डोकं टेकतं तिथे एक टोक धरा. दुसरं टोक डाव्या ट्वीटरपर्यंत ताणून गाठ मारा. मग तीच गाठ उजव्या ट्वीटरला पोचते का बघा. अर्ध्या इंचापर्यंतचा फरक चालेल, तीन इंचांचा चालणार नाही.

दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमचं अंतर साधारण सारखं ठेवा, तिन्ही बाजू सारख्या असलेल्या त्रिकोणासारखं. आपल्या हॉलमध्ये ट्वीटरपासून डोक्यापर्यंत जेमतेम साडेसात-आठ फूट मिळतात, तर स्पीकर सात फुटांवर ठेवून सुरुवात करा. गाणारा मध्ये विरळ, धुरासारखा वाटायला लागला तर स्पीकर जवळ आणा. सगळंच गर्दीत उभं असल्यासारखं झालं तर लांब न्या. प्रत्येक खेपेला दोन-तीन इंच, आणि दोन्ही बाजूंनी सारखे.

परीक्षा घ्यायला जुनी गाणी उत्तम. १९५० आणि ६० च्या दशकांतली आपली बहुतेक हिंदी-मराठी गाणी मोनोत ध्वनिमुद्रित झालेली आहेत. मोनो गाणं बरोबर लागलेल्या जोडीवर दोन्ही स्पीकरमधून येतच नाही. ते मधल्या एका बोटभर जागेतून येतं. डोळे मिटून बोट दाखवा, मग डोळे उघडा. बोट टीव्हीच्या मध्यावर असलं तर जमलं. मात्र गाणं मोनोच घ्या. नंतर खोटा स्टिरिओ केलेल्या आवृत्त्याही मिळतात, त्या या कामाच्या नाहीत.

भिंत: इथे जास्त वेळ द्या

उंची आणि त्रिकोण अर्ध्या तासात होतात. भिंतीपासूनचं अंतर ठरवायला एक रविवार जातो, आणि तो जाऊ द्यावा.

बेसच्या लाटा खोलीएवढ्या लांब असतात. १०० हर्ट्झची लाट सुमारे ११ फुटांची. ती स्पीकरच्या मागेही जाते, भिंतीवर आपटून परत येते. वूफरचं तोंड भिंतीपासून जेवढं लांब, त्याच्या चौपट लांबीची लाट उलटी होऊन परत येते आणि सरळ लाटेला मारते. हिशेब सोपा: ११३० (आवाजाचा सेकंदाला फुटांतला वेग) भागिले चार, भागिले अंतर फुटांत. तोंड भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर खड्डा १४१ हर्ट्झवर. अडीच फुटांवर ११३, तीन फुटांवर ९४. पुरुषी आवाजाचा पाया, तानपुऱ्याचं पोट, सगळं याच परिसरात. म्हणजे “भिंतीपासून दोन-अडीच फूट सोडा” हा सर्रास दिला जाणारा सल्ला छोट्या हॉलमध्ये कधी कधी नेमका गळ्यावर पाय देतो.

माझं मत असं की दहा फुटी हॉलमध्ये अर्धवट लांब जाऊ नये. एकतर बऱ्यापैकी पुढे या, ज्याला जागा नाही. नाहीतर सरळ भिंतीजवळ जा. तोंड भिंतीपासून सव्वा फुटावर, म्हणजे दहा इंच खोल स्पीकरच्या मागे पाच इंच मोकळे, तर खड्डा २२५ हर्ट्झच्या वर सरकतो. तिथे तो उथळ होतो आणि मागे जाड काही टांगून आणखी कमी करता येतो. भिंतीजवळ गेल्यावर बेस वाढतो. छोट्या स्पीकरला ते पथ्यावर पडतं, मोठ्याला अजीर्ण होतं. मागच्या बाजूला हवेचं भोक असलेल्या स्पीकरचा बेस घुमायला लागला तर त्या भोकात एक पायमोजा गुंडाळून घाला. हसू नका, कंपन्या याच कामासाठी फोमचे बूच देतात.

आता खोलीचा स्वतःचा घुमारा. ११३० भागिले खोलीच्या मापाच्या दुप्पट, असा तो निघतो. १५ फुटांचा ३८ हर्ट्झ, १० फुटांचा ५६ ते ५७, साडेनऊ फूट उंचीचा ५९ ते ६०. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे दोन घुमारे एकावर एक बसतात. आपल्या फ्लॅटमध्ये “बेस घुमतो” ही तक्रार इतकी का ऐकू येते, त्याचं हे एक मोठं कारण. डग्ग्याच्या घिस्स्याकडे, म्हणजे तळवा घासून सरकवलेल्या सुराकडे, कान द्या. तो सरकत जाताना एका जागी एकदम फुगत असेल, बाकी कुठे नाही, तर ते खोलीचं काम.

हा घुमारा भिंतीला चिकटून सर्वांत जोरात असतो, आणि आपला सोफा नेमका भिंतीला चिकटलेला. सोफा एक फूट पुढे ओढा. एवढा एकच बदल मी बऱ्याच घरांत केला आणि बऱ्याच घरांत तो दुसऱ्या दिवशी झाडू मारताना मागे गेला. पुढे ओढणं शक्य नसेल तर निदान सोफ्यामागच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीवर जाड गोधडी किंवा रजई टांगा. तिने बेस कमी होत नाही, पण कानामागून लगेच उलटणारा आवाज मऊ होतो. बरोबर खोलीच्या मध्यभागीही बसू नका. तिथे रुंदीचा तो सूर जवळजवळ गायब असतो.

बरोबर जागा शोधायला माणसाचा गळाच वापरा. मदतनिसाला स्पीकरच्या जागी, भिंतीला पाठ लावून उभं करा. त्याने एकसारख्या आवाजात काहीही बोलत, वाटल्यास पाढे म्हणत, इंच-इंच पुढे यायचं. तुम्ही सोफ्यावर डोळे मिटून बसा. भिंतीला टेकलेला असताना आवाज जाड आणि घुमट असेल. पुढे येता येता तो एका ठिकाणी मोकळा होतो, मग पुन्हा बदलतो. मोकळा होतो तिथे जमिनीवर मास्किंग टेपची पट्टी चिकटवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा. स्पीकर पहिल्यांदा त्या पट्ट्यांवर ठेवा.

बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर, मागच्या भिंतीपासूनचं अंतर आणि वूफरची जमिनीपासूनची उंची हे तीन आकडे एकसारखे येऊ देऊ नका. सारखे आले की तिन्ही खड्डे एकाच सुरावर पडतात. आपल्या हॉलमध्ये एकीकडे बाल्कनी आणि दुसरीकडे पॅसेज असल्यामुळे बाजू तशाही सारख्या नाहीत. तिथे भिंतींशी बरोबरी साधत बसू नका, सुतळीशी साधा.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला स्पीकर टेकवू नका, निदान तीन-चार इंच हवा खेळू द्या. भुश्याच्या बोर्डाची पेटी ओल पिऊन फुगते.

तोंड किती वळवायचं

आधी दोन्ही स्पीकर सरळ, भिंतीशी समांतर ठेवून ऐका. मग आत वळवत जा. सोफ्यावरून बघताना पेटीची आतली बाजू बोटभर दिसत असेल तर दोन्हींच्या रेषा डोक्याच्या जरा मागे मिळतात. बहुतेक स्पीकरना हे मानवतं. आतली बाजू दिसेनाशी झाली की ट्वीटर थेट कानावर रोखलेला असतो. गळा कणखर होतो, पण झांजा आणि स, श टोचू लागतात. टाइल, काच आणि उघड्या भिंती असलेल्या हॉलमध्ये थोडं जास्त वळवलेलं बरं, कारण बाजूच्या काचेवर कमी आवाज पडतो.

कुठून उलटतो ते आरसा सांगतो. तुम्ही बसा, मदतनिसाने आरसा बाजूच्या भिंतीवर कानाच्या उंचीला धरून सरकवायचा. आरशात ट्वीटर दिसला की ती जागा पकडा. तिथे पुस्तकांचं कपाट, जाड पडदा, काहीही चालेल. बाल्कनीच्या काचेपुढे पडदा ओढला तरी अर्धं काम होतं. पडदा चुण्यांचा आणि जाड हवा, जाळीचा नको. स्पीकर आणि सोफ्यामधल्या टाइलवर सतरंजी अंथरा. मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा. टर्रर्र अशी शेपटी ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींपैकी एकीवर अजून काहीतरी हवं.

खडखडीचा शोधही याच वेळी घ्या. मोबाइलवर ३० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावा आणि घरभर फिरा. शोकेसची काच, ट्यूबलाइटची पट्टी, फ्रेम, स्वयंपाकघरातली फुलपात्रं, एकेक जण आपापल्या सुरावर हजेरी देतो. आणि शेवटचं ऐकणं पंखा बंद करून करा.

सबवूफर, टीव्ही आणि बाकीचे

सबवूफरला, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या वेगळ्या डब्याला, उंचीची फिकीर नाही, जागेची आहे. कोपऱ्यात तो सर्वांत जोरात आणि बहुधा सर्वांत गढूळ. त्याला सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, एकसारखा बेस असलेला तुकडा लावा आणि तुम्ही भिंतीकडेने रांगत जा, कान सबच्या उंचीला ठेवून. जिथे बेसचे सूर वेगवेगळे आणि सारख्या ताकदीचे ऐकू येतात, तिथे सब ठेवा. घरच्यांनी हसायचं तेवढं हसून घ्यावं. खालच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर सबखाली जाड फोम आणि त्यावर कडप्प्याचा तुकडा ठेवा. धमक थोडी कमी पोचते, पूर्ण थांबत नाही.

टीव्हीचा सेंटर स्पीकर पडद्याखाली असेल तर तो युनिटच्या कडेपर्यंत पुढे घ्या आणि पाचर मारून तोंड वर करा. फाइव्ह पॉइंट वनमध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा संचात, पुढचे दोन मध्यरेषेपासून ३० अंशांवर, मागचे दोन ११० अंशांच्या आसपास, म्हणजे अगदी पाठीमागे नाही, बाजूला आणि जरासे मागे. भिंतीला चिकटलेल्या सोफ्यावर ते बाजूच्या भिंतींवर, कानाच्या फूट-दीड फूट वर लावले तरी चालतात. छताकडच्या आवाजाचे स्पीकर सोडले, तर बाकी कुणालाही माळ्याजवळ काम नाही.

सगळं बसलं की दोन दिवस हात लावू नका, नेहमीची गाणी ऐका. मग पुन्हा दोन इंचांचे प्रयोग. ज्याला आकड्यांनी खात्री हवी त्याने यूएसबी मापन-माइक घेऊन रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर वापरावं. खड्डे आणि घुमारे आलेखात उघडे दिसतात.

शेवटची जागा ठरली की स्टँडच्या चारही कोपऱ्यांना टाइलवर मास्किंग टेपचे छोटे काटकोन चिकटवा, आणि सोफ्याच्या पुढच्या पायांनाही. सुतळी गाठीसकट गुंडाळून स्टँडच्या मागे अडकवून ठेवा. फरशी पुसताना स्टँड हलतोच. आमच्याकडे दर दोन दिवसांनी हलतो.